मदत हवी आहे: गर्भाशयमुखाचा कर्करोग, दुर्बिणीतून ऑपरेशन करावं का?

ताईचं (46) निदान: स्क्वॅमस (आवरणाच्या चपट्या पेशींचा कर्करोग), एमआरआयमध्ये गाठ 3 सेंमी, आजूबाजूला पसरलेली नाही. स्टेज आयबी2. दुर्बिणीतून रॅडिकल हिस्टरेक्टमी (गर्भाशय, आजूबाजूचा भाग आणि योनीचा वरचा भाग काढणं) सुचवली आहे. दुर्बिणीने पेशी पसरतात म्हणतात, त्यात तथ्य किती? डॉक्टरांना काय विचारू?

प्रतिसाद 1
या कर्करोगापुरतं तथ्य आहे. 2018 साली आलेल्या 'लॅक' चाचणीत 631 रुग्ण होत्या. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या: दुर्बिणीच्या गटात 86 टक्के, पोट उघडून केलेल्यांत 96.5. तीन वर्षांनी हयात: 93.8 आणि 99. रोबोटिकही दुर्बिणीच्याच गटात होतं, त्यामुळे 'आमचं रोबोटिक आहे' हे उत्तर चालणार नाही.

कारण पक्कं सिद्ध नाही, पण संशय कशावर आहे ते कळतं. गर्भाशय हलवायला योनीतून मॅनिप्युलेटर नावाचा दांडा आत सरकवतात. तो गाठीला घासत, कधी तिच्यातूनच जातो. मग योनीचा वरचा भाग पोटाच्या आतूनच कापतात. गाठीचा उघडा पृष्ठभाग थेट पोटात येतो, आणि तिथे 12 ते 15 मिमी पारा दाबाने कार्बन डायऑक्साइड खेळत असतो. युरोपातल्या 'सक्कर' अभ्यासात (2020) मॅनिप्युलेटर वापरलेल्यांत आजार जास्त उलटला. कापण्याआधी योनी खालून शिवून घेतलेल्यांचे निकाल उघड्या ऑपरेशनच्या तोडीचे होते. मात्र तो जुन्या नोंदींवरचा अभ्यास, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे.

प्रतिसाद 2
सरसकट दुर्बिणीला झोडपू नका. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात 1990च्या दशकात छिद्रांच्या जागी गाठी येतात म्हणून घबराट होती. 2004च्या अमेरिकन चाचणीत (872 रुग्ण) जखमेतली गाठ दोन्ही गटांत 1 टक्क्याहून कमी निघाली. पित्ताशयाचं वेगळं: कर्करोग असलेली पिशवी काढताना फुटली तर पित्ताबरोबर पेशी सांडतात, म्हणून ती प्लास्टिकच्या थैलीत घालूनच बाहेर काढायची.

प्रतिसाद 3
स्टेजच्या नावात एक गोची आहे. लॅकमधला 'आयबी1' म्हणजे 4 सेंमीपर्यंतची गाठ. 2018च्या नव्या वर्गवारीत 2 ते 4 सेंमीला आयबी2 म्हणतात. म्हणजे ताईची गाठ त्या चाचणीत बसते. 'ते आकडे आयबी1चे' म्हणून कोणी बाजूला सारू नये.

विचारा: पोट उघडून का नको? दुर्बीणच असेल तर मॅनिप्युलेटर लागणार का, योनी आधी शिवणार का? लिम्फ गाठींत आजार निघाला तर पुढे रेडिएशन-केमो कुठे? ऑपरेशनच्या तारखेआधी ट्यूमर बोर्डाचं (कर्करोगाच्या वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीचं) मत लेखी घ्या.