शब्दचर्चा : मानकातील दुरुस्ती, सुधारणा, शुद्धिपत्र आणि पुनरीक्षण

प्रश्न : वायफायचा पाया असलेल्या आय-ट्रिपल-ई (विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची संस्था) हिच्या ८०२.११ या मानकाविषयी मराठीत लिहिताना ‘अमेंडमेंट’, ‘कॉरिजेंडम’, ‘इराटा’ आणि ‘रिव्हिजन’ या चारही शब्दांसाठी ‘दुरुस्ती’ हाच शब्द वापरला, तर अर्थाची हानी होते का?

उत्तर : होते, आणि ती बरीच होते. ‘दुरुस्ती’ म्हटले की आधीचे काही बिघडले होते असे वाचकाला वाटते. ‘घटनादुरुस्ती’ हा रूढ अपवाद सोडला तर मराठीत या शब्दाची ओढ तिकडेच आहे. ८०२.११एन (२००९) किंवा ८०२.११एसी (२०१३) यांनी मात्र कोणतीही चूक निस्तरली नाही, तर मूळ मानकात नवी क्षमता घातली. त्यांना ‘सुधारणा’ म्हणावे. एसी हे स्वतंत्र मानक असल्यासारखे सर्रास लिहिले जाते, पण दप्तरी ती ८०२.११-२०१२ या आवृत्तीची चौथी सुधारणा आहे आणि तिचा मजकूर आधीच्या तीन सुधारणा जमेस धरूनच वाचावा लागतो. अशा दस्तऐवजात ‘बदला’, ‘वगळा’, ‘घाला’, ‘त्याऐवजी ठेवा’ अशा संपादकीय सूचना असतात. मूळ ग्रंथ शेजारी नसेल तर त्यांतील कित्येक कलमे अर्धवट वाटतात.

‘कॉरिजेंडम’साठी राजपत्रातून परिचित असलेला ‘शुद्धिपत्र’ हा शब्द नेमका बसतो, कारण त्यात तांत्रिक चुका आणि विसंगती दूर करण्यापलीकडे नवे काही घालता येत नाही, आणि तरीही त्यावर रीतसर मतदान होते. ८०२.११बी या सुधारणेचे २००१ सालचे शुद्धिपत्र उपकरणांच्या व्यवस्थापनासाठी लागणाऱ्या माहितीच्या व्याख्येतील उणिवांपुरतेच होते. ‘इराटा’ मात्र प्रकाशनाच्या वेळी शिरलेल्या चुकांची यादी. तिला ‘मुद्रणदोषसूची’ म्हणणे पुरेसे आहे.

उपप्रश्न : मग ‘रिव्हिजन’ला ‘सुधारित आवृत्ती’ का म्हणू नये?

उत्तर : ‘सुधारणा’ हा शब्द वर खर्ची पडला आहे, म्हणून. ‘एकत्रित आवृत्ती’ हा पर्याय सुचतो, पण तोही अपुरा आहे. २००७ च्या आवृत्तीत ए, बी, जी, आय इत्यादी सुधारणा मूळ मजकुरात मुरवल्या गेल्या हे खरे. परंतु रिव्हिजनच्या वेळी संपूर्ण दस्तऐवज आक्षेपांसाठी खुला होतो, जुन्या कलमांवरही हरकत घेता येते, आणि नुसत्या एकत्रीकरणात ते येत नाही. त्यामुळे ‘पुनरीक्षण’ आणि ‘पुनरीक्षित आवृत्ती’ हेच शब्द मला योग्य वाटतात, थोडे जड असले तरी. हे काम पाहणाऱ्या गटांच्या नावांत ‘एम’ हे अक्षर असते (एमए, एमबी, एमसी असे क्रमाने), म्हणून ‘८०२.११एम’ नावाची सुधारणा शोधू नये.

उपप्रश्न : ही अक्षरे देवनागरीत लिहिल्याने काही बिघडते का?

उत्तर : एका ठिकाणी बिघडते. रोमन लिपीत सुधारणेचे अक्षर लहान असते आणि स्वतंत्र दस्तऐवजाचे मोठे. ८०२.११एफ (२००३) ही प्रवेशबिंदूंच्या (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे उपकरणांना वायफायने जाळ्याशी जोडणारी यंत्रे) आपसांतील संवादासाठीची, चाचणीपुरती केलेली शिफारस होती, सुधारणा नव्हे, आणि ती २००६ मध्ये मागे घेण्यात आली. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्याने तेथे ‘८०२.११एफ ही शिफारस’ असे स्पष्ट लिहावे, आणि सुधारणांचा उल्लेख करताना वर्षही द्यावे.