तार्दुआरचं पाणी जातं कुठे?

प्रश्न असा आहे की फ्रान्समधल्या ला रोशफुकोच्या किल्ल्याखालून तार्दुआर नदी वाहते असं नकाशात दिसतं, मग उन्हाळ्यातल्या फोटोंत पुलाखाली नुसते गोटे का? उपसा हे मुख्य कारण नाही. कारण खडकात आहे.

तार्दुआर उगम पावते ओत-व्हिएन जिल्ह्यात, शाल्यूच्या आसपास (इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ मध्ये जिथे बाण लागून मेला तेच हे गाव). तिथला खडक ग्रॅनाइट वगैरे, त्यात पाणी फारसं मुरत नाही, त्यामुळे मोंब्रों गावापर्यंत नदी धडधाकट. पुढे ज्युरासिक चुनखडी लागते आणि पात्रातल्या भेगा-विवरांतून पाणी खाली उतरायला लागतं. नोंत्रों गावाकडून येणाऱ्या बांदिया नदीचीही हीच गत. दोघींचा संगम आग्रीजवळ, पण कोरड्या दिवसांत तो नकाशापुरताच. हिवाळ्यात येवा जास्त झाला आणि विवरं अपुरी पडली की मात्र पात्र पुन्हा भरून वाहतं.

मुरलेलं पाणी आंगुलेम शहराच्या पूर्वेला तुव्र नदीच्या झऱ्यांतून वर येतं. फ्रान्समध्ये व्होक्ल्यूझच्या झऱ्याखालोखाल मोठा झरा हाच मानतात. तुव्र जेमतेम १० किमी लांब, पण जन्मतःच भरलेली; म्हणून तर १८व्या शतकात रुएलला तोफांचा कारखाना तिच्या काठावर आला. लगेच ती शारांत नदीला मिळते.

त्यामुळे निव्वळ पाणलोटाच्या क्षेत्रफळावरून प्रवाहाचा हिशोब मांडलात तर तार्दुआरचा आकडा फुगेल आणि तुव्रचा हास्यास्पद कमी येईल. प्रदूषणाचंही तेच: चुनखडीतल्या रुंद वाटांत पाणी फारसं गाळलं जात नाही, आणि आंगुलेमचं पिण्याचं पाणी याच झऱ्यांतून घेतलं जातं.