मदत हवी आहे: आधी ठेव की आधी कर्ज?

नमस्कार मंडळी,

अर्थशास्त्राच्या परीक्षेची तयारी करतोय आणि चार दिवस एकाच जागी अडकलोय.

पुस्तक म्हणतं, रोख राखीव प्रमाण (ठेवींचा जो हिस्सा बँकेला बाजूला ठेवावाच लागतो) १० टक्के असेल तर १०० च्या ठेवीतले ९० कर्जाऊ जातात, ते फिरून ठेव म्हणून येतात, त्यातले ८१ पुढे... शेवटी १००० च्या ठेवी. म्हणजे मध्यवर्ती बँकेनं रोखे विकत घेऊन बँकांच्या हाती १०० जास्त दिले की पैसा दसपट. गणित सुटलं.

मग बँक ऑफ इंग्लंडचा २०१४ चा लेख वाचला. त्यात उलटंच आहे: कर्ज देतानाच कर्जदाराच्या खात्यावर नवी ठेव तयार होते. वहीत ताळेबंद मांडून पाहिला. मालमत्तेत कर्ज १००, देण्यांत ठेव १००. दोन्ही बाजू जुळल्या आणि राखीव निधीला, म्हणजे बँकेनं मध्यवर्ती बँकेत ठेवलेल्या पैशाला, धक्काही लागला नाही!

मग मध्यवर्ती बँकेच्या हातात उरतं काय? अमेरिकेनं मार्च २०२० मध्ये रोख राखीव प्रमाण शून्यावर आणलं, तरी २०२२-२३ मध्ये व्याजदर शून्याजवळून पाच टक्क्यांच्या वर नेता आलेच ना? कृपया कुणीतरी नीट उलगडून सांगा.

प्रतिसाद १
ताळेबंद बरोबर आहे, फक्त एक पाऊल आधी थांबलात. कर्जदार ते १०० खर्च करणार, आणि घेणाऱ्याचं खातं दुसऱ्या बँकेत असणार. आता तुमच्या बँकेला मध्यवर्ती बँकेतल्या आपल्या खात्यातून १०० द्यावे लागतात. कमी पडले तर उसने घ्यायचे. त्या उसनवारीचा भाव, म्हणजे व्याजदर, मध्यवर्ती बँक ठरवते, सगळी किल्ली तिथेच आहे.

पूर्वी राखीव निधी मोजकाच असायचा, थोडे रोखे घेतले-विकले की हा भाव हलायचा. २००८ मध्ये निधीचा महापूर सुरू झाला, आणि फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) ऑक्टोबर २००८ पासून त्यावर व्याज देते. तिथे बिनधोक ५ टक्के मिळत असतील तर बँक दुसऱ्याला ४ नं कशाला देईल? प्रमाण शून्य असलं तरी दर चढतो तो असा.

धागाकर्ता
हे पटलं, मनापासून आभार. पण मग रोखे खरेदीनं पैसा वाढतच नाही का?

प्रतिसाद १
वाढतो. पेन्शन फंडाकडून रोखे घेतले तर फंडाच्या बँक खात्यावर तेवढी ठेव जमा होते. शिवाय रोख्यांचे भाव चढून लांब मुदतीचे दर उतरतात. मात्र त्याचे आपोआप दसपट होत नाहीत. पुढचं कर्ज मागणारा हवा आणि बँकेकडे पुरेसं भांडवलही हवं. आता फंड, त्याची बँक आणि मध्यवर्ती बँक असे तीन ताळेबंद शेजारी शेजारी मांडा आणि इथे टाका, मी तपासतो.