जावाचा तोपेंग: मुखवटा कोरायला आणि घालून नाचायला कुठे शिकावं?

पारंबी

आम्ही दोघी बहिणी. मी कथक शिकलेली, धाकटी लाकूडकाम करते (पटाशी चालते, पण चेहरा अजून कोरलेला नाही). जून-जुलैत आठ आठवडे मोकळे आहेत. तिला तोपेंगचा (इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या मुखवटा-नृत्याचा) मुखवटा कोरायला शिकायचंय, मला तो घालून नाचायला. प्रश्न असे:

चिरेबोन, मलांग की योग्यकर्ता? दोघींचं एकाच ठिकाणी जमेल का?
जाण्याआधी घरी काय करून ठेवावं?
सरावाला इथलं कुठलं लाकूड चालेल?

बाली कृपया सुचवू नका, तिथली माहिती ढिगाने मिळते.

लंबक

या तीन ठिकाणी तोपेंग या एकाच नावाखाली तीन वेगळे प्रकार नांदतात. ते आधी समजून घ्या, मगच तिकिटं काढा.

चिरेबोनला (पश्चिम जावा, उत्तर किनारा) एकच नर्तक एकामागून एक पाच मुखवटे चढवतो: पांजी, सांबा (यालाच पामिंदो म्हणतात), रुम्यांग, तुमेंगुंग आणि क्लाना. पांढऱ्या, जवळजवळ निश्चल पांजीपासून लालभडक, पाय आपटणाऱ्या क्लानापर्यंत. काही गावांत रुम्यांग तिसरा येतो, काहींत अगदी शेवटी. शैली गावाच्या नावाने ओळखायची: स्लांगित, लोसारी, गेगेसिक, पालिमानान. शेजारच्या इंद्रमायूची तऱ्हा आणखी निराळी. तोपेंग नर्तकी मिमी रासिना (१९३०-२०१०) त्याच भागातल्या. ‘मिमी’ म्हणजे तिकडच्या बोलीत आई. त्यांच्या घराण्याचा सांग्गार, म्हणजे नृत्यशाळा, आजही नात चालवते.

मलांगला (पूर्व जावा) अख्खी मंडळी नाटक करते. पात्रं मुखवटा घालून नाचतात, बोलतो मात्र दलांग, म्हणजे सूत्रधार. राजपुत्र पांजी आणि राजकन्या सेकरताजी यांची ताटातूट आणि भेट हा कथांचा गाभा. पाकिसाजीजवळच्या कदुंगमोंग्गो गावातलं आस्मोरो बांगुन हे केंद्र कोरणं आणि नाचणं दोन्हीसाठी प्रसिद्ध आहे. तिथले म्हातारे गुरू म्बाह करीमुनही २०१० मध्येच गेले, काम पुढच्या पिढीने चालू ठेवलंय. तिथे सेनिन लेगीच्या रात्री प्रयोगाची प्रथा आहे. सेनिन म्हणजे सोमवार आणि लेगी हा जावाच्या पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला एक दिवस. दोन्हींचा मेळ दर ३५ दिवसांनी बसतो, म्हणून आठ आठवड्यांत एक प्रयोग नक्की पदरात पडेल, कदाचित दोन. जावाचं कॅलेंडर बघूनच तारखा ठरवा.

योग्यकर्ताला कला विद्यापीठ आहे (‘इसी’ या नावाने ओळखतात, स्थापना १९८४). पण आठ आठवड्यांच्या पाहुण्याला वर्गात बसवून घेतीलच असं नाही. तिथून तासाभरावर गुनुंगकिदुलमधलं बोबुंग हे मुखवट्यांचं गाव. बाटिकची नक्षी काढलेले मुखवटे तिथलेच, पण ते भिंतीवर टांगायचे. पटाशीवर हात बसवायला गाव छान आहे, नाचाच्या मुखवट्यासाठी मी पाठवणार नाही.

दोघींना एकत्र राहायचं असेल तर मलांग. आठ आठवडे एकाच ठिकाणी काढा, दोन गावं करू नका.

आवर्तन

लंबक यांच्याशी अर्धी सहमत. कोरणारीसाठी मलांग बरोबर. पण कथकवाल्या मुलीने मंडळी-नाटकात शिरलं तर आठ आठवड्यांत एक दुय्यम पात्र जेमतेम बसेल. एकट्याने उभं राहायची सवय असलेल्याला चिरेबोन जवळचं. पांजी आणि सांबा एवढेच दोन घ्या, क्लानाच्या मोहात पडू नका. क्लाना पाहायला सोपा वाटतो, आणि नवखी माणसं त्यात नुसते हातपाय झाडतात.

गोल_पटाशी

लाकडाचं मी सांगतो.

मध्य जावात नावाजलेलं लाकूड म्हणजे पुले. पुले म्हणजे आपली सातवीण. चिरेबोनला कायू जारान वापरतात, शब्दशः ‘घोडालाकूड’. ते झाड आपल्याकडे शिमटी किंवा मोई म्हणून ओळखतात. स्वस्त मालाला सेंगोन नावाचं हलकं लाकूड. तेव्हा सराव इथेच होतो. पुण्या-मुंबईत रस्त्याच्या कडेला सातविणी आहेतच, पावसाळ्याआधी फांद्या छाटतात तेव्हा उद्यान विभागात विचारा. चीक निघतो, हातमोजे घाला.

सातवीण मऊ, पांढुरकी, कुठल्याही दिशेने कापली तरी फारशी रुसत नाही. दोष दोन. ओली पडून राहिली की काही दिवसांत निळी-काळी पडते, आणि सुकली की कीड लागते. म्हणून कापल्याबरोबर साल काढायची आणि दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासायचा. कोरून पोकळ झाल्यावर एक लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून आतून-बाहेरून दोन हात मारायचे.

ओंडका २०-२२ सेंमी व्यासाचा, २४ सेंमी लांब घ्या आणि मधोमध उभा फोडा, दोन मुखवटे निघतात. सपाट बाजूवरून सेंटिमीटरभर तासून गाभा पूर्ण काढून टाका. गाभा राहिला तर चीर जाणार, आणि ती नेमकी कपाळातून नाकाकडे उतरते. तयार मुखवटा साधारण १८ बाय १४ सेंमी, खोली ८. जास्तीची लांबी टोकांच्या बारीक चिरा कापून टाकायला.

मधली रेघ पुढून, वरून, खालून आणि मागूनही आखायची. कोरताना ती सारखी पुसली जाते, दर वेळी परत आखायची. यात आळस केला की नाक वाकडं. आधी नाकाच्या रेषेवरून दोन्ही कानांकडे वाकसाने (सुताराच्या कुदळीसारख्या हत्याराने) उतार पाडायचा, कौलारू घराच्या पाख्यांसारखा. तिथल्या वाकसाला पेथेल म्हणतात, आपल्यापेक्षा लहान, एका हाताचा. मग बाजूने बघत तीन खाचा: भुवईखाली, नाकाखाली, खालच्या ओठाखाली. या तीन खाचांची खोली जमली तर चेहरा जमला, डोळे-ओठ नंतरचं काम. नवखे लोक डोळ्यापासून सुरुवात करतात आणि मग चेहरा पोळीसारखा चपटा राहतो.

डोळ्यांचे प्रकार दाण्यांवरून ओळखतात. गाबाहान म्हणजे साळीच्या दाण्यासारखा अरुंद, खाली झुकलेला, हा पांजीचा. कदेलेन म्हणजे सोयाबीनसारखा. तेलेंगान म्हणजे वटारलेला, क्लानाचा. नाकाचा एक प्रकार तर हत्याराच्या नावाचाच: पांगोत या वाकड्या सुरीवरून पांगोतान. अशी सुरी गावातल्या लोहाराकडून करून घ्या, गालाची गोलाई पटाशीपेक्षा तिनेच नीट निघते.

दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे समोरून बघून कळत नाही. मुखवटा उलटा धरा, आरशात बघा, अंधारात एका बाजूने टॉर्च मारा. एका गालाचा पुठ्ठ्याचा साचा कापून तोच उलटवून दुसऱ्या गालाला लावा.

पुढचं झाल्यावर मागून पोकळ करायचं. वाळूच्या पोत्यावर पालथा ठेवायचा, नाहीतर नाक जातं. जाडी ६-८ मिमी, नाकामागे १० मिमी सोडा. किचनच्या काट्यावर २०० ग्रॅमच्या आसपास यायला हवा. डोळ्यांच्या फटी सगळ्यात शेवटी, बुबुळाच्या खालच्या कडेला, ३ मिमी उंच आणि अडीच सेंमी लांब. आधी बारीक ड्रिलने ओळीत भोकं, मग सुरी. नाचणारीच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजून घ्या. ते न मोजता कोरलेला मुखवटा सुंदर दिसतो आणि नाचणारी खांबावर आपटते.

मग वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत दोन-तीन आठवडे. पंख्याखाली नाही, उन्हात तर नाहीच. सुकल्यावर व्हायटिंग पावडर (खडूची पूड) आणि पातळ फेविकॉलचे चार-पाच हात, प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर, १८० पासून ४०० नंबरपर्यंत. रंग अ‍ॅक्रिलिक चालतो. आतून २४० ने घासून लाखेच्या पॉलिशचा एक हात आणि आठवडाभर हवा. आत ऑइलपेंट लावू नका, तोंड त्याच वाफेत राहतं.

एक इशारा: मलांगच्या बापांग या पात्राचं लाकडाबाहेर लांब आलेलं नाक एकसंध कोरायला जाऊ नका. ठोकळ्याच्या रेषा उभ्या, नाक आडवं, पहिल्याच धक्क्याला मोडतं. रेषा लांबीत ठेवून नाक वेगळं कोरा आणि लाकडी खुंटीने बसवा.

पारंबी

माहितीचा खजिना आहे, तिघांचे आभार. धाकटी विचारते, पहिला मुखवटा पांजीचा करावा का? तो साधा वाटतो. आणि मुखवटा तोंडात धरतात असं ऐकलंय, म्हणजे नेमकं कसं?

गोल_पटाशी

पांजी शेवटी. नक्षी नाही, मिशी नाही, दात नाहीत, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूकही लपत नाही. आधी विदूषकाचा अर्धा मुखवटा, पेंतुल: नाक आणि गालांपुरता, खालचा जबडा मोकळा. मग क्लाना. मलांगचे मुखवटे पहिल्यांदा नकोत, त्यांच्या कपाळावरच्या मुकुटाची कोरीव वेल एकटीच आठवडा खाते.

धरायचं असं: आत, ओठांच्या मागे, चामड्याची आडवी जीभ बसवतात आणि नाचणारी ती दातांत पकडते. चिरेबोनला डोक्यामागे दोरी नसते. चामडं साल-टॅनिंगचं (झाडाच्या सालीने कमावलेलं), बिनरंगाचं घ्या. क्रोमचं किंवा रंगवलेलं तोंडात घालायचं नाही. रुंदी तीन सेंमी, दुहेरी घडी, बारीक चुका आणि फेविकॉल. चुकांची टोकं पुढून बाहेर येत नाहीत ना, हे रंगाच्या आधी बघा. जीभ खाली बसली तर मुखवटा वर सरकतो आणि फटी भुवयांवर येतात. म्हणून आधी पिठाच्या गोळ्यावर दातांचा ठसा घेऊन उंची ठरवा, मगच ठोका.

आवर्तन

नाचाच्या बाजूने थोडं.

मोजणी आधी सुधारा. आपली सम पहिल्या मात्रेवर, तिथे मोठा गोंग (टांगलेली धातूची थाळ) आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेवर पडतो. आठ मोजलेत तर गोंग आठवर. कथकवाले गोंगला ‘एक’ म्हणतात आणि मग प्रत्येक हालचाल एका मात्रेने घसरते. तिहाई समेवर येऊन टेकते ती जाणीव तशीच ठेवा, फक्त तिला ‘एक’ म्हणणं सोडा. चिरेबोनच्या नाचात दोदोआन, उंगाह तेंगाह आणि देदेर असे टप्पे असतात, आपल्या विलंबित-मध्य-द्रुतसारखे. पांजीच्या वेळी वाजणारी कंबांग सुंगसांग ही रचना ऐकून चक्रावू नका: वादन दाट, गडगडाटी, आणि नर्तक जेमतेम मनगट हलवतोय. ते तसंच असतं. वाद्यांबरोबर धावायचा मोह आवरणं हाच पांजीचा पहिला महिना.

घरी रोज करायचं ते आदेग-आदेग, म्हणजे उभं राहण्याची बैठक. गुडघे वाकलेले आणि बाहेर, वजन दोन्ही पायांवर सारखं. एका मिनिटापासून सुरुवात करून पाच मिनिटांपर्यंत न्या. कथकचे सरळ गुडघे इथे आडवे येतात. लोसारीला गेलात तर मागे कमान टाकणारा गालेयोंग आणि एक पाय उचलून धरायचा गांतुंग सिकिल आहे, त्यासाठी पोटाचे आणि पाठीचे स्नायू आधीच तयार हवेत.

डोळ्यांचा अभिनय विसरा, तो कुणाला दिसणारच नाही. सगळं हनुवटीवर. ती बोटभर वर गेली की पांजी उद्धट दिसतो, बोटभर खाली गेली की झोपाळू. पुठ्ठ्याचा साधा मुखवटा करून त्याला ३ मिमीच्या फटी पाडा आणि खोलीत चालून बघा. समोरचा जमिनीचा एक तुकडा सोडला तर काही दिसत नाही, म्हणून जागा पावलं मोजून लक्षात ठेवायची. चामडं दातांत धरायचं पाच मिनिटांपासून, रोज एक मिनिट वाढवत. दात आवळले की कानाखाली ठणका लागतो आणि मान ताठ होते, नुसतं टेकवून धरायचं. श्वास नाकाने. लाळ सुटते, आठवड्यात सवय होते.

मुखवटा लगेच हातात देणार नाहीत. नाचाचा पहिला भाग उघड्या चेहऱ्यानेच असतो, मग नर्तक पेटीपाशी पाठमोरा होऊन मुखवटा चढवतो. कडेने धरायचा, नाकाला हात नाही, जमिनीवर ठेवायचा नाही, ओलांडायचा तर मुळीच नाही.

लंबक

आवर्तन यांच्या पहिल्या मुद्द्यावर माघार. धाकटी मलांगला, मोठी चिरेबोनला, शेवटचा आठवडा एकत्र, असं करा.

व्हिसा: भारतीयांना व्हिसा ऑन अरायव्हल ३० दिवसांचा मिळतो आणि एकदाच आणखी ३० दिवस वाढतो, म्हणजे आठ आठवडे बसतात, चार दिवस हाताशी राहतात. मुदतवाढीचा अर्ज तिसऱ्या आठवड्यातच टाका. वर्षभराचा विचार असेल तर इंडोनेशिया सरकारची दर्मासिस्वा शिष्यवृत्ती बघा, ती १९७४ मध्ये सुरू झाली.

पटाश्या चेक-इन सामानात. परतताना कच्चा ठोकळा आणू नका, विमानतळावर क्वारंटाइनवाले अडवतील. रंगवलेला मुखवटा हातातल्या बॅगेत, आतल्या पोकळीत मोज्यांचा गोळा भरून. नाकाला काही टेकता कामा नये.