सागरी संग्रहालयात अर्धा दिवस: काय बघू, काय सोडू?

पाऊलवाट:
पुढच्या आठवड्यात समुद्रकाठच्या एका गावी जातोय. तिथे सागरी इतिहासाचं संग्रहालय आहे, शिवाय धक्क्याला एक जुनं शिडाचं जहाज बांधून ठेवलंय. सोबत आई (गुडघे दुखतात) आणि नऊ वर्षांचा मुलगा. मागे अशाच एका ठिकाणी काचेआडची छोटी जहाजं बघून तो अर्ध्या तासात कंटाळला होता.

डोलकाठी:
आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. जहाज पाण्याबरोबर खालीवर होतं, धक्का जागचा हलत नाही. ओहोटीला चढ-उताराची फळी चांगलीच तिरपी होते, म्हणून आईंना भरतीच्या सुमाराला न्या. तरी आतले जिने शिडीसारखे उभे असतात, त्यांनी वरच्या डेकवरच थांबलेलं बरं. आणि खाली डोकं सांभाळा. मी दोनदा आपटलंय, दुसऱ्यांदा तर 'डोके सांभाळा' ही पाटी वाचत असताना.

सुकाणू:
मुलाला थेट नौकानयनाच्या उपकरणांकडे न्या. गाठी मारलेली दोरी दिसली की थांबा. टोकाला लाकडी फळकुट बांधून ती मागे पाण्यात सोडायचे आणि २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचे. दोन गाठींत ४७ फूट ३ इंच. जितक्या गाठी, तितका जहाजाचा वेग नॉटमध्ये (नॉट हे जहाजाच्या वेगाचं एकक)! भाचीला हा खेळ मी आधी घरीच दोरी आणि मोबाइलच्या टायमरवर दाखवला होता. संग्रहालयात मग तीच आम्हाला समजावत होती.

जवळच क्रोनोमीटर असेल, म्हणजे जहाजावरचं अचूक घड्याळ. त्याच्या वेळेवरून जहाज पूर्व-पश्चिम कुठे आहे ते काढायचे. ते घड्याळ ४ सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर जहाजाची जागा सुमारे एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर चुकते. खडकावर आदळायला तेवढं पुरतं.

गलबतवाला:
छोटी जहाजं अगदीच सोडू नका हो. उभा छेद दाखवणारं एखादं असेल तर तळाचा भार कुठे आहे ते मुलाला शोधायला लावा. स्वीडनचं 'वासा' १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालं. तळाचा भार अपुरा, वरचा बोजा फार. वाऱ्याच्या झोताने कललं आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं.

पाऊलवाट:
वा! आईसाठी काही? ती निवृत्त नर्स आहे.

खारावारा:
मग जहाजावरच्या वैद्याची पेटी आहे का ते विचारा. ब्रिटिश आरमारातला वैद्य जेम्स लिंड याने १७४७ मध्ये स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबू मिळालेले दोघे सगळ्यांत लवकर सुधारले. तरी ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं. आईंना यावर बरंच बोलायचं असेल, त्यांच्यासाठी तिथे बाक शोधून ठेवा.

पाऊलवाट:
भरती सकाळी अकराच्या सुमाराला आहे, म्हणजे आधी जहाज. दोरी आजच काढली. पोरगं आत्तापासूनच गाठी मारत बसलंय, ४७ फुटांना घर पुरेना.