रिलीज मेडिकल बोर्डाने 'नाना' लिहिलं की विषय संपला का? कारण कोण देणार?

कळव्याची वहिनी:
आमचे हे आर्टिलरीत २४ वर्षं होते, हवालदार म्हणून घरी आले. येताना रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे फौज सोडतानाची डॉक्टरांची तपासणी झाली, त्यात बीपीमुळे ३० टक्के अपंगत्व धरलं आणि पुढच्या रकान्यात नाना, म्हणजे आजार नोकरीमुळे झालाही नाही नि नोकरीत वाढलाही नाही, म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन नाही. कारण काय तर 'कॉन्स्टिट्यूशनल', म्हणजे शरीराच्या मूळ घडणीतलाच, आणि सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत. बास, दोन ओळी. झेरॉक्स आत्ता समोर आहे माझ्या, पेनाने लिहिलंय, शेवटचा शब्द तर लागतही नाही. भरतीच्या वेळी दात न दात मोजून घेतला होता हो, तेव्हा बीपी नव्हता. फील्डवरून, म्हणजे सीमेकडच्या खडतर पोस्टिंगवरून खाली आल्यावर तीन महिन्यांनी मोजला म्हणून पीस स्टेशनला निघाला, मग तो तिथेच सुरू झाला असं कसं धरता? पैसे नाकारायचे तर नाकारा, पण माणसाला कारण तरी वाचता येईल असं लिहा.

ऐरोलीकर माजी फौजी:
वहिनी, मी मेडिकल कोरमधे होतो, राग मानू नका पण बोर्डाची बाजू सांगतो. माझा सख्खा भाऊ ठाणे-बेलापूर रोडच्या कंपनीत, कधी युनिफॉर्म घातला नाही, त्यालाही पंचेचाळिशीत बीपी लागला. मग प्रत्येक बीपी फौजेच्या नावावर कसा टाकायचा? हा पैसा ज्याचा पाय गेला त्याच्यासाठी आहे. आणि बोर्डापुढे फक्त कागद असतात. आपले लोक सिक रिपोर्ट करतच नाहीत, म्हणजे आजारी असल्याचं कळवतच नाहीत, लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे पूर्ण फिट नाही असा शेरा लागला की प्रमोशन अडकेल म्हणून गोळी गुपचूप बाहेरून आणून खातात, आणि शेवटी म्हणतात नोंद का नाही.

कळव्याची वहिनी:
दादा, लपवतात हे खरंय, ह्यांनीही केलं, नाही म्हणत नाही. नायब सुभेदारी तोंडावर होती. पण ती भीती कुणी घातली? आणि पाय गेलेल्यांसाठीच म्हणता तर २०१३ चं सुप्रीम कोर्टाचं धरमवीर सिंग प्रकरण बघा, सिग्नल्सचा शिपाई, १९८५ ला भरती, १९९४ ला फिट येतात म्हणून घरी पाठवला, अपंगत्व २० टक्के. कोर्टाने सांगितलं की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतला धरायचा, तसं नाही म्हणायचं असेल तर सिद्ध सरकारने करायचं आणि बोर्डाने कारणं लिहायची. गोळी नव्हती लागली त्यालाही.

ऐरोलीकर माजी फौजी:
मग २०१९ चं नरसिंग यादव प्रकरणही वाचा ना. तिथे मानसिक आजार होता, कोर्टाने पेन्शन नाकारली, नोंद नव्हती एवढ्यावरून आपोआप मिळत नाही, बोर्डाच्या मताला वजन आहे.

खारघर, निवृत्त सुभेदार:
वजन मताला आहे रे, एका शब्दाला नाही. तू स्वतः बोर्डाच्या फाइली लावल्यास ना, खरं सांग, प्रत्येकाची पोस्टिंग प्रोफाइल, म्हणजे कधी कुठे पोस्टिंग होतं ती यादी, कोणी आजाराच्या तारखेशी लावून बघतं का? वहिनींचंही एक चुकतंय, फील्ड केलं म्हणजे हक्क ठरला असं नाही. वहिनी, अपिलाला उत्तर आलंय का? आधी पहिलं अपील, मग दुसरं, नाहीतर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे फौजींच्या तक्रारींचं न्यायाधिकरण, मुंबईला बेंच आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे नवे नियम त्यानंतर बाहेर पडलेल्यांना, तुमचे हे आधी बाहेर पडलेत तर त्यात अडकू नका. आणि मान्य झालं तर ३० टक्क्यांचे ब्रॉड बँडिंगने, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्याला नेऊन, ५० धरतात, म्हणजे शेवटच्या पगाराच्या १५ टक्के, ही काय छोटी रक्कम नाही.

ऐरोलीकर माजी फौजी:
नाही, सगळ्यांची नाही लावून बघत. एका दिवसात पंधरावीस माणसं असायची. पण म्हणून पैसे द्यायचेच हे मला अजूनही पटत नाही. कारण लिहावं, हे पटतं. वहिनी, फील्ड पोस्टिंगच्या तारखा आणि भरतीच्या मेडिकलचा कागद काढून ठेवा, अपिलात तोच लागतो.

कळव्याची वहिनी:
भरतीचा कागद आमच्याकडे नाही, रेकॉर्ड ऑफिसला दोनदा पत्र घातलंय.