घरच्या गॅरेजमध्ये गंजलेली एमजीबी: घ्यावी की सोडावी?

लेस्टरवासी (प्रश्न)

नमस्कार. मी काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. आमच्या शेजारच्या वस्तीतील एका वयस्कर गृहस्थांकडे १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे कापडी टपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार, विक्रीस आहे. गाडी बराच काळ बंद गॅरेजमध्ये उभी होती. इंजिन हाताने फिरते, क्रोमचे बंपर शाबूत आहेत आणि आसनांचे चामडेही बरे आहे. मात्र चालकाच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबला तर आत जातो. दारांखालचे दोन्ही सिल बाहेरून अगदी गुळगुळीत दिसतात आणि त्यांवर काळ्या अंडरसीलचा, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूला लावतात त्या गंजरोधक लेपाचा, जाड थर आहे. गाडीच्या एका बाजूला मध्यभागी जॅक लावून ती उचलली, तेव्हा त्या बाजूचे दार कुलपापाशी अडकू लागले. खाली उतरवताच ते पुन्हा नीट लागले.

माझ्याकडे एका गाडीपुरते गॅरेज आणि घरगुती वीजजोडणी आहे. स्पॅनरची कामे मला जमतात, पण वेल्डिंग कधीही केलेले नाही. मला ही गाडी मनापासून आवडली आहे. ती घरी दुरुस्त करणे शक्य आहे का, आणि घेण्यापूर्वी आणखी काय पाहावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुनी_चाके

आपण दाराचे जे निरीक्षण नोंदवले आहे, त्यातच या गाडीची खरी परिस्थिती दडलेली आहे, म्हणून त्याविषयीच आधी लिहितो. एमजीबीला स्वतंत्र चासी नाही. १९६२ पासून १९८० पर्यंत अबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली ही गाडी संपूर्ण पत्र्याच्या एकसंध सांगाड्यावर उभी असते आणि रोडस्टरला पोलादी छप्पर नसल्यामुळे पुढचा व मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचा बहुतांश भार दोन्ही बाजूंच्या सिलवर येतो. जुन्या वाड्याच्या तुळईला वाळवी लागावी, तसे इथे सिल गंजणे असते. वरचे सगळे जागच्या जागी दिसते, पण आधार गेलेला असतो. जॅक लावल्यावर दार अडकते, याचा अर्थ सांगाडा मध्येच वाकत आहे.

सिल म्हणजे बाहेरून दिसणारा एक पत्रा नव्हे. बाहेरचा सिल, त्यामागे उभी मधली पट्टी, मग आतला सिल आणि त्याच्या खाली फ्लोअरच्या कडेने जाणारा कॅसल रेल, असे चार भाग मिळून ती पेटी तयार होते. अनेक गाड्यांवर गंजलेल्या सिलवरच नवा पातळ पत्रा चढवलेला आढळतो. मूळ सिल पुढच्या विंगच्या (चाकावरच्या बाहेरील पत्र्याच्या) आत आणि मागच्या विंगच्या खाली शिरतो, तर असा वरून चढवलेला पत्रा दिसतो तेवढ्याच भागापुरता असतो. त्यामुळे पुढचे चाक काढून विंगच्या मागच्या बाजूला टॉर्च मारून पाहा. तिथे एक छोटी आडवी भिंत असते. तिची रबरपट्टी झिजली की चाकाने उडवलेला चिखल मागे जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षे ओलाच राहतो. त्या कोपऱ्यातील चिखल स्क्रूड्रायव्हरने खरवडा. त्यासोबत तांबूस पापुद्रे निघू लागले, तर सिलचे पुढचे टोक गेले आहे असे समजा.

यानंतर आसनांच्या मागची झाकणे उघडा. १९७२ च्या गाडीत तिथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्यांच्या पेट्यांत ॲसिड आणि पाणी दोन्ही साचते, आणि शेजारीच मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे पुढचे टोक बसते. पेटीला भोक पडलेले चालते, कारण नवी पेटी मिळते. स्प्रिंगचा आधार गेला असेल, तर काम बरेच वाढते. बॉनेटच्या बिजागरीखालील पेटीसारखा भागही चुंबक लावून तपासा. चुंबक धरत नसेल, तिथे पुट्टी आहे.

माझे मत स्पष्ट आहे. एमजीबी घेताना इंजिनापेक्षा पत्र्याला किंमत द्यावी. १७९८ सीसीचे हे बी-सिरीज इंजिन दणकट आहे, त्याचे सुटे भाग सहज मिळतात आणि ते बाहेर काढून टेबलावर दुरुस्त करता येते. सांगाडा वाकडा जोडला गेला, तर मात्र तो पुन्हा सरळ करणे घरी जवळजवळ अशक्य आहे.

मिडलंड्स_मराठी

वरील तांत्रिक माहितीशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु मी आपल्या जागी असतो तर ही गाडी घेतली नसती. पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या आणि आजही त्या मोठ्या संख्येने विकायला येतात. चांगल्या सांगाड्याची, पण बंद इंजिनाची गाडी थोडी थांबल्यास नक्की मिळेल. दोन्ही सिल, फ्लोअर आणि कॅसल रेल हे सगळे करायचे असेल, तर खर्चाच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरण्याची शक्यता मोठी आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या जुन्या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीने १९८८ पासून मूळ साच्यांवर नवे पूर्ण सांगाडे काढले आहेत, पण ते महाग आहेत.

तरीही घ्यायचीच असेल, तर गाडीचा क्रमांक टाकून शासकीय संकेतस्थळावर एमओटीचा, म्हणजे इथल्या वार्षिक वाहन-तपासणीचा, इतिहास पाहा. २००५ नंतर चाचणी झाली असेल, तर गंजाबद्दलचे शेरे तिथे वाचायला मिळतात. बॉनेटखालील पाटीवरचा चासी क्रमांक नोंदणीपत्राशी जुळवून घ्या. या काळातील रोडस्टरचा क्रमांक ‘जीएचएन५’ ने सुरू होतो. नोंदणीपत्र हे मालकीचा पुरावा नसते, म्हणून विक्रीची सही केलेली पावती अवश्य घ्या. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीला एमओटीची सक्ती २०१८ पासून नाही. पण गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित असण्याची जबाबदारी मालकाचीच राहते, आणि इतकी वेल्डिंग झाल्यावर मी स्वेच्छेने चाचणी करून घेईनच.

पत्राकाम_पुणेकर

मी पुण्यात गाड्यांचे पत्राकाम करतो, त्यामुळे केवळ वेल्डिंगबद्दल लिहितो. आपल्याकडे जुने कारागीर गॅस वेल्डिंगने अप्रतिम काम करतात, परंतु त्यात पत्रा फार दूरपर्यंत तापतो आणि नवख्या हाताने तो हमखास लहरतो. शिकणाऱ्याने मिग वेल्डरच घ्यावा; त्यात तार आपोआप पुढे सरकते आणि गॅस सांध्याला हवेपासून वाचवतो. या गाडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटरचा असतो, त्यामुळे ०.६ मिमीची तार आणि कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कमी असलेला आर्गॉन मिश्रित गॅस पुरेसा होतो. घरगुती प्लगवर चालणारा छोटा वेल्डर एवढ्या कामाला चालतो. गॅसविना चालणाऱ्या तारेच्या मोहात पडू नये, कारण पातळ पत्र्याला ती भोके पाडते.

सलग शिवण मारू नका. बोटाच्या पेरभर टाका मारा, मग पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला जा आणि पहिली जागा हाताला सोसवेल इतकी निवल्यावरच तिच्या शेजारी या. कारखान्यातील स्पॉट वेल्डच्या (ठिपक्यासारख्या जोडाच्या) जागी वरच्या पत्र्याला भोक पाडून ते भरून घ्यावे. सराव म्हणून तशाच जाडीचे दोन तुकडे जोडा, पक्कडीत धरून पिरगाळा आणि सांध्याऐवजी शेजारचा पत्रा फाटेपर्यंत सराव चालू ठेवा. आपल्या भागातील कॉलेजात वेल्डिंगचा संध्याकाळचा वर्ग असेल, तर तो आधी करा.

एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने घ्यावी. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. पेट्रोलची टाकी व गालिचे गाडीबाहेर काढा, अंडरसील दोन्ही बाजूंनी खरवडून काढा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. त्या काळच्या गाड्यांच्या सांध्यांवर शिसे भरलेले असू शकते, म्हणून घासताना योग्य मास्क वापरा.

लेस्टरवासी

सर्वांचे मनापासून आभार. आज चाक काढून पाहिले. डाव्या सिलचे पुढचे टोक स्क्रूड्रायव्हरने सहज फुटले, उजवीकडे मात्र पत्रा टणक लागला. स्प्रिंगचे दोन्ही आधार भक्कम आहेत आणि विक्रेत्यांनी हे सर्व पाहून किंमत बरीच कमी केली आहे. वेल्डिंगच्या वर्गात नावही घातले आहे. गाडी घेतल्यास ती आधी पूर्ण उघडून मग पत्राकाम करावे का?

जुनी_चाके

स्प्रिंगचे आधार भक्कम असतील, तर घ्या. परंतु गाडी पूर्ण उघडू नका. घरच्या जागेत सुट्या भागांचे ढीग लागले की पुढचे काम रेंगाळते. आसने, गालिचे, टाकी आणि डाव्या बाजूची पुढची विंग एवढेच काढा; ही विंग बोल्टवर बसते, तर मागची वेल्ड केलेली असते.

गाडी सपाट जमिनीवर पुढच्या क्रॉसमेंबरखाली (पुढच्या चाकांमधील आडव्या तुळईखाली) आणि मागच्या ॲक्सलखाली स्टँड देऊन अशी ठेवा, की वजन रस्त्यावर येते तिथेच येईल. काहीही कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा आडवा आणि तिरपा आधार आतल्या बाजूने बसवा, म्हणजे आधार असतानाही दार लावून पाहता येईल. दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू उघडा. कॅसल रेल, आतला सिल, मधली पट्टी आणि शेवटी बाहेरचा सिल या क्रमाने जा. प्रत्येक भाग आधी क्लॅम्पने धरून दार लावा, फटी पूर्वीसारख्या आल्या तरच वेल्ड करा. झाकले जाणारे पृष्ठभाग वेल्डिंग सोसणाऱ्या जस्ताच्या प्रायमरने रंगवा आणि सर्व पूर्ण झाल्यावर आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत फवारायचे गंजरोधक मेण) सोडा, पण पाणी बाहेर जाण्याची भोके बुजणार नाहीत याची खात्री करा.

उजवी बाजू टणक लागली असली, तरी तिचा बाहेरचा पत्रा डावे काम संपल्यावर एकदा छोटी खिडकी कापून आतून पाहा. इंजिनाकडे त्यानंतर वळा. तेव्हा इंधनाचे जुने रबरी पाइप सर्वच्या सर्व बदला, कारण सप्टेंबर २०२१ पासून इथले साधे पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले, आहे आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. शिसेविरहित पेट्रोलसाठी सिलिंडर हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का, हेही विक्रेत्यांना आजच विचारून घ्या.